गीत कोण काढतं?

रविवारची उपासना आटोपून घरी येतो, सकाळचा भात दह्यात कालवून खातो आणि कोटासकट खुर्चीत टेकतो. डोळा लागतोय, पण पुरता नाही. पंख्याची घरघर ऐकू येते, मग तीही थांबते, आणि मी चर्चमध्ये प्रवचनासाठी पुलपिटावर उभा असतो.

पहिल्या बाकावर रिबका बसली आहे, डोक्यावरून पदर घेऊन. माझी बायको. ती गेली त्याला वर्ष होत आलं, हे मला झोपेतही ठाऊक आहे. म्हणून मी हळू बोलतो.

“मंडळी कुठंय?” ती विचारते.

“चार-पाच म्हातारी माणसं येतात. बाकीची हायवेवरच्या नव्या चर्चला जातात. तिथं ड्रम आहे, कीबोर्ड आहे.”

“मग गीत कोण काढतं?”

“कोणी नाही. मी कडवी वाचून दाखवतो आणि संदेशाला लागतो.”

“गीत वाचतात होय?”

बाकं आता एसटी स्टँडवरची झाली आहेत. मी बायबलमधलं वचन उघडून बोलतोय आणि माणसं पिशव्या उचलून निघालीत. कोणी रागावून जात नाही. त्यांची गाडी लागली आहे, एवढंच. शेवटी ती आणि मी उरतो. मी प्रार्थनेसाठी हात वर करतो, पण शब्द येत नाहीत. आज सकाळीही आले नव्हते. नुसतं आमेन म्हणून खाली उतरलो होतो.

“पुढच्या रविवारी मंडळीला सांगणार आहे मी. आता चर्च बंद करू या.”

ती नको म्हणत नाही. सरकून जागा करते. मी बसतो, तर आम्ही तिच्या माहेरच्या ओट्यावर आहोत. पायाखाली सारवण गार लागतं.

“मला सूर लागत नाही, रिबका. आवाज तुझा होता.”

“माझा? अहो, तिसऱ्या कडव्याला माझा दम तुटायचा. तुम्ही मागून म्हणत असायचात, म्हणून मी पुढं जायची. तुम्हाला कधी कळलं नाही?”

खरंच नाही कळलं.

“काढा बरं,” ती म्हणते. “मी आहे मागं.”

मी काढतो. पट्टी चुकते. मागून तिचा आवाज येतो, बारीक, धरून ठेवणारा. तिसऱ्या कडव्याला माझा दम तुटतो. मी मागं ऐकतो. तिथं कोणी नाही.

दार वाजतंय. ऊन उतरलेलं. शेजारच्या गोदाबाई भाजीची वाटी घेऊन उभ्या आहेत.

“पाळकसाहेब, आज घरी प्रार्थना होती का? भिंतीपलीकडून गाणं येत होतं. मधेच थांबलात, म्हणून म्हटलं बघावं.”

सांगायला तोंड उघडतो, तर घसा पार बसलेला. आवाज फुटत नाही.

मी नुसती मान हलवतो. होती.