मॅनेजरचा दुसरा भाग

माझे अक्षर मुंग्या चालल्यासारखे आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने माफ करावे. ही नाटकाची वही आहे. मागची पाने कोरी होती, म्हणून लिहिते.

गावच्या नाटकाचा मॅनेजर नवऱ्याचा चुलतभाऊ, नवऱ्यापेक्षा मोठा, म्हणजे माझा भासरा. भासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचे नसते. लोकांत त्याला 'ते' म्हणावे लागे, इथे 'तो' म्हणते. अकरा वर्षांत तो माझ्याशी एक शब्द थेट बोलला नाही. मी तीन हातांवर उभी असले तरी नवऱ्याला म्हणायचा, "तिले सांग, चहात साखर जास्त झाली." मग नवरा मान वळवून तेच मला सांगायचा, जशी मी बहिरी.

दिवाळीनंतर गावाच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, नाटक असायचे आणि ते त्याचेच. लिहिणारा तो, बसवणारा तो, मुख्य माणूसही तोच. गुंडाळलेल्या वहीने नटांच्या मांड्यांवर हाणायचा. "माकडं हो, चोर असा चालते काय? तू त सासुरवाडीले जाऊन राहिला!" पोरे हसायची आणि हसल्याबद्दल पुन्हा खायची. आवाज मात्र त्याला होता, ते खोटे सांगणार नाही. मागच्या रांगेतली म्हातारीही दचकायची.

एका वर्षी मोबाइलवरच्या हाणामारीच्या पिक्चरवरून त्याने नाटक केले. एक सरदार पाच चोरांना तुरुंगातून काढतो, पायात बेड्या घालतो आणि मरणाची कामे करून घेतो. सरदार अर्थात तो. पडदे आणि लाइटसाठी त्याने नवऱ्याकडून माझे चार हजार नेले. धान रोवण्याच्या मजुरीतून मी ते शिलाई मशीनसाठी जमवले होते. नाटक गाजले, पैसे आले नाहीत. नवऱ्याने विचारले की म्हणायचा, "पैसे काय पळून जातेत? दुसरा भाग होऊ दे. माह्या तोंडचा शब्द खाली पडत नाही." मी तर विचारूही शकत नव्हते.

पुढच्या वर्षी पिक्चरचा दुसरा भाग आला. तो ओसरीत मोबाइल लावून बसायचा, थांबवून थांबवून मराठीत सांगायचा आणि मी दाराआड बसून वहीत उतरवून घ्यायची. दुसऱ्या भागात सरदार बेड्या काढतो आणि म्हणतो, रस्ता मोकळा आहे, ज्याला जायचे त्याने जावे. पाचही चोर एकेक करून निघून जातात. मी तसेच लिहिले. मॅनेजरने वही वाचली आणि ते पान टरकन फाडले.

"पिक्चरवाल्याले अक्कल नाही. सरदाराले सोडून गेले त लोक टाळ्या कायले वाजवतीन? लिही मनावं तिले, पाचही जण पाया पडतेत. सरदार, आम्ही तुमचेच."

मी लिहिले. फाडलेले पान चुलीत घालायला दिले होते, ते मी तांदळाच्या डब्यात ठेवले.

पडद्याआडून वाचून देणारा माणूस कामासाठी नागपूरला गेला होता. मॅनेजर म्हणाला, तिला बसव. मला बसायचे नव्हते. निरोप आला, "नसन बसाचं त पैसे विसरून जा मनावं." म्हणून बसले. आमच्या नाटकात कोणी पाठ करत नाही. धान कापायचे दिवस, वेळ कोणाला? कानावर येईल ते नट बोलतो. मॅनेजरही तसाच.

मंडईला सगळा गाव समोर होता. बेड्या निघाल्या. सरदाराने विचारले, "कोणाला जायचे आहे?" पहिला चोर माझा नवरा. त्याने पडद्याकडे कान केला. माझ्या हातात डब्यातले पान होते.

मी वाचले, "मी जातो, सरदार."

नवरा बोलला आणि गेला. मागोमाग चौघे गेले. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मॅनेजर एकटा उरला. घाम फुटला होता त्याला. पडद्याला पाठ टेकवून तो पुटपुटला, "बाई, आता मी काय बोलू?"

अकरा वर्षांतला हा पहिला शब्द. मी सांगितले आणि सवयीने तो ते अख्ख्या गावापुढे गरजला, "थांबा! ज्याचे देणे आहे, ते तीन दिवसांत चुकते करतो. मगच तुम्ही खरे मोकळे!"

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पानठेल्यावर लोक विचारू लागले, "काय मॅनेजर, कोनाचं देनं हाय बा? शब्द खाली त पडत नाही ना?"

नंतर त्याने नाटक सोडले आणि मागच्या वर्षी तो लेकीकडे बपेऱ्याला राहायला गेला. गाव हळहळले. मला वाईट वाटले नाही. अजूनही कोणी दारातून "तिले सांग" म्हटले की मी चिडते. फरक इतकाच, आता मी स्वतःच उत्तर देते.

त्याची सुरुवात नाटकानंतर तिसऱ्या दिवशी झाली. तो ओसरीत आला. नवरा शेतावर होता, निरोप द्यायला कोणी नव्हते. त्याने उंबरठ्यावर नोटा ठेवल्या आणि दाराकडे पाहून म्हणाला, "मोजून घे. शंभर वहीचे कापले."

मी मोजल्या. शंभराच्या एकोणचाळीस होत्या.

"वही माह्या पैशाची हाय, भाऊजी," मी दाराआडून म्हटले.

मग उंबरठ्यावरून शंभराची एक नोट आत सरकली. चार हजार पुरे झाले.