समोरून येणारी सुलभाबाई

सुलभाबाई लिफ्टमध्ये कधी चढायची नाही. खाली लिफ्टचं दार उघडून आपल्याला आत घालायची आणि स्वतः भाजीची पिशवी घेऊन जिन्यानं निघायची. आपण चौथ्या माळ्यावर बाहेर पडावं तर ही बया समोर उभी. धाप नाही की घाम नाही. वर हसून म्हणायची, "काय काकी, लिफ्ट दमली वाटतं आज!" मला वाटायचं, देवा, हिला एकदा तरी दम लागू दे.

नवघरच्या आमच्या बिल्डिंगीत आमची दारं समोरासमोर. ती ऑफिसातून रिटायर झालेली, नवरा वारलेला, लेक लांब दिली. मी मंडणगडकडची, दुसरी शिकलेली, मुलगा-सुनेकडे राहते. तिच्या गॅलरीत डब्याडब्यांत मिरची, कढीपत्ता, आळू. आख्ख्या माळ्याची भाजीची सालं बादलीत गोळा करायची, त्यांचं खत करायची. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून वाटायची. कोणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की म्हणायची, "ही तुझ्या नातवाच्या नातवाला पण भेटेल हो!" सगळ्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी घेऊन यायच्या.

आमची सून रेश्मा तर तिच्या शब्दाबाहेर नाही. तेल कमी का? सुलभाताई म्हणाल्या. बिस्किटं बंद का? सुलभाताई म्हणाल्या. मी म्हटलं, "मग सासू पण तिलाच कर."

माझ्या पोटात दुखायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. कापडी पिशवी मी जन्मभर वापरली, कारण दुसरी नव्हतीच. डोक्यावर हंडा, काखेत पोर घेऊन मी डोंगर चढले. पावसाळ्यात घरातला तांदूळ संपायचा, मग दोन्ही वेळेला नाचणी. सासरा भाकरी मोडताना आमच्याकडे बघायचा नाही. तेव्हा कोणी म्हटलं नाही की, व्वा, किती छान राहता तुम्ही! आणि ही चार जिने चढली की बिल्डिंगभर कौतुक.

मुलगा कामाला लागला त्या दिवशी मी ठरवलं होतं, आता पांढराशुभ्र भात खायचा आणि चहा गोडमिट्ट प्यायचा. खाल्ला, प्याले. मग साखर निघाली. पायाच्या अंगठ्याला साधी ठेच लागली ती चिघळत गेली, बरी व्हायला किती दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, या वेळी वाचलात. भात कमी करा, रोज चाला. पुढच्या वेळी बोट काढायला लागेल, आणि ते बोटावर थांबत नाही."

मी मरणाला भीत नाही. अंथरुणाला भिते. माझी सासू कित्येक वर्षं पडून होती. तिचं हगणं-मुतणं मी काढलं. मी साफ करायला लागले की ती तोंड भिंतीकडे करायची. ते तोंड मला रेश्मासमोर करायचं नव्हतं.

सुलभाबाईला हे कळलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "चला काकी, खाली बायका थांबल्यात. भूक असेल तेवढं खायचं आणि पाय असतील तेवढं चालायचं."

"मी माझ्या वाटणीचं चालून झाले," म्हटलं, आणि दार लावलं. तिच्या मागे शेपटासारखं फिरायचं? मी? त्यापेक्षा अंगठा गेलेला बरा, असं पण एकदा मनात आलं.

तरी ती बाई गप्प बसेल तर शपथ. एका दुपारी तिनं बिल्डिंगीतल्या बायका घरी बोलावल्या. नाचणीची भाकरी शिकायची म्हणे. मला पण बोलावलं. गेले बघायला. ही थंड पाण्यात पीठ मळतेय, भाकरी चिरफाळतेय, तुकडे तव्यावर. मला राहवेना. म्हटलं, "सरका. आधी पाणी उकळा, त्यात पीठ घाला, झाकण ठेवा. मग गरम गरम मळायचं. हात भाजले की समजायचं बरोबर चाललंय." थापली, तव्यावर टाकली, विस्तवावर टम्म फुगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या माळ्यावरची जिग्नाबेन काय म्हणाली? "क्या आयडिया निकाला सुलभाताई! कितना पौष्टिक!"

हात भाजले माझे आणि आयडिया हिची. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, तुमची ती हौस आहे. आमची ती लाचारी होती. पोर भाताला रडायचं, तेव्हा हे काळं तोंडात कोंबायला लागायचं. पौष्टिक कसलं!"

सुलभाबाईनं हातातली परात खाली ठेवली. म्हणाली, "खरं आहे काकी. मला आवडलं नाही तर मी उद्या सोडू शकते. तुम्हाला सोडता येत नव्हतं." एवढंच. नंतर माझ्यासमोर तिनं 'पौष्टिक' हा शब्द परत काढला नाही. मला तर वाटत होतं ती भांडेल. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी चालायला लागले. पण तिच्या मागे नाही. मुलानं आणलेले बूट साडीखाली घातले आणि बिल्डिंगीला उलट्या बाजूनं फेरी धरली. त्या सगळ्या डावीकडून यायच्या, मी उजवीकडून. वॉचमन म्हणायचा, "आजी, राँग साईड!" म्हटलं, "तू गेट सांभाळ."

पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर वाट अगदी चिंचोळी. तिथं दर फेरीला आमची गाठ. आणि दर वेळी सुलभाबाईच आधी भिंतीला टेकून उभी राहायची, हात पुढे करून म्हणायची, "या काकी, रस्ता तुमचा." तो मान पण तिनंच आधी पटकावायचा. मी किती ठरवायचे, आज मी आधी सरणार. पण माझे पाय मंद, ती कायम पुढे.

साखर उतरली. अंगठा शाबूत राहिला. रेश्मा म्हणाली, "सुलभाताईंचे उपकार." म्हटलं, "पाय माझे होते."

या थंडीत सुलभाबाई गेली. सकाळी झाडांना पाणी घातलं, खुर्चीत बसली, ती तशीच. हातात तांब्या होता. खाली बायका कुजबुजत होत्या, "एवढं चालली, एवढं सांभाळून खाल्लं, काय मिळालं? साठी-पासष्टीतच गेली."

मला राग आला. म्हटलं, "चालती-फिरती गेली. कोणाला तिचं काढायला लागलं नाही. अजून काय मिळायला पाहिजे?" आणि मनात म्हटलं, घे, हे पण तूच आधी नेलंस. मला जे हवं होतं नेमकं तेच.

तिच्या बायका थोडे दिवस चालल्या, मग कोणाची कंबर, कोणाचा डबा, एकेक करून बंद झाल्या. मी जाते. अजून उलट्याच बाजूनं जाते. वॉचमन आता काही बोलत नाही.

टाकीचा कोपरा आला की मी थांबते, भिंतीला टेकते आणि वाट मोकळी करते. आता मी आधी सरते.