मावशीची नाव आणि पौषातली मारामारी

मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतो. लाखांदूरपासून अड्याळपर्यंत लोकांनी मला मनापासून शिव्या दिल्या आहेत. एका म्हातारीने तर मंचावर चढून चप्पल हाणली होती. तिच्याइतकी जाणकार प्रेक्षक मला पुन्हा भेटली नाही. पण एका हिवाळ्यात, ऐन हंगामात, माझा घसा फाटला आणि डॉक्टरांनी महिनाभर ओरडायला बंदी घातली. ओरडू न शकणाऱ्या खलनायकाकडे उरतात त्या नुसत्या मिशा.

त्या मिशांसाठी मावशी आली.

मावशीचा नवरा पावसाळ्यात वारला होता. मागे राहिली पवनीच्या घाटाला बांधलेली टिनाच्या छपराची मोठी नाव आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघे. एक मावशी, दुसरा तिच्या सवतीचा मुलगा, चाळिशीचा, वल्ही मारून दंड फुगलेला. नाव गेली असती तर मावशीला जाळं सोडून बाजारात दुसऱ्यांचे मासे कापत बसावं लागलं असतं.

आमच्या घाटाचा रिवाज असा : नावेचा मालक गेला की ज्याची चूल अख्खा पौष नावेत रोज पेटेल, नाव त्याची. अमावास्येला पंच येतात, त्या चुलीवरचं खातात आणि निकाल देतात. एक दिवस जरी चूल थंड राहिली तरी हक्क संपला. मावशीने पहिल्याच दिवशी चूल पेटवली होती आणि एका नावेत दुसरी चूल चालत नाही, त्यामुळे सावत्र मुलाला एकच काम उरलं होतं, ती विझवायचं.

"मावशी, मी नाटकात मारतो. खरं मारता येत नाही मले," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"तुले मारायचं कोन सांगतलं? नुसतं बसाचं. तुले पाहून लोक भेतात."

"आवाज नाही ना माह्यापाशी."

"बरं हाय. तोंड उघडलं का तू मस्करी करतं."

असा मी राखणदार झालो. सकाळी नदीवर धुकं, पायाखाली ओल्या फळ्या आणि घाटाच्या पायऱ्या संपल्या की थेट भरलेला बाजार : वांग्यांचे ढीग, गरम जिलेबी, मोबाइलच्या दुकानाबाहेरचा कर्णा. इतकी गर्दी इतक्या जवळ असणं मला फार आवडलं. कलावंताला आणखी काय पाहिजे?

तिसऱ्या दिवशी सावत्र मुलगा पाण्याची बादली घेऊन नावेत चढला. मी मिशीवर हात फिरवून उभा राहिलो आणि मंचावरची माझी गाजलेली थप्पड दिली, म्हणजे त्याच्या गालाजवळून हात नेला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर आवाज काढला. आवाज फर्स्ट क्लास झाला. त्याने गाल चाचपला.

"लागलं नाही बे," तो म्हणाला आणि मला ठोसा दिला.

माझे दोन दात नदीत गेले. खऱ्या मारामारीत आवाज किती कमी होतो, हे मला तेव्हा कळलं. त्याने बादली चुलीवर ओतली. मावशीने त्याच्या पाठीवर झेप घेऊन कान असा चावला की कानाची पाळी लोंबायला लागली. तो पळाला. मावशीने तोंड पुसलं, राखेत हात घातला आणि तळाचा एक जिवंत निखारा वर काढला.

"फुक," ती मला म्हणाली. रक्ताळलेल्या तोंडाने मी फुंकर मारली.

यानंतर दर तीन-चार दिवसांनी प्रयोग लागे. बाजारातले लोक भाजलेल्या शेंगा घेऊन पायऱ्यांवर बसत, मोबाइल वर धरत. एक भाजीवाला दर वेळी म्हणे, "भाऊ, जरा जोरात बोला ना, मागं काही आयकू येत नाही." एकदा सावत्र मुलाने काठावरून धोंडा मारून हंडी फोडली आणि उकळता रस्सा माझ्या मांडीवर सांडला. मावशीने काठावर उडी मारली आणि मासे कापायच्या विळीने त्याचा तळहात उभा चिरला.

"तुले आई म्हनाची लाज वाटते मले," तो हात दाबत म्हणाला.

"नोको म्हणू. हात बांध पहिले."

अमावास्येला पंच दुपारी यायचे होते. तो सकाळीच लहानसा डोंगा वल्हवत मागच्या अंगाने आला, हातात कुऱ्हाड. चुलीकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ तळाच्या फळीवर घाव घातले. पाणी उसळून आत आलं. मी त्याला मागून मिठी मारली, त्याच्या कोपराने माझी बरगडी मोडली. मग मावशीने नाव लोटायचा बांबू उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. या वेळी मात्र आवाज झाला. हाड मोडल्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत गेला आणि लोकांच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

नाव बसत चालली. घमेल्यात मातीने लिंपलेली चूल मावशीने हंडीसकट डोक्यावर घेतली आणि नावेतच कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. डोक्यावर धूर, खाली नाव बुडालेली. ती तशीच उभी असताना पंच आले. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने चपला काढल्या, पाण्यात उतरला, झाकण उघडून माशाचा तुकडा खाल्ला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. "नाव इची."

मावशी जिंकली ती नदीच्या तळाशी बसलेली नाव. दोर लावून लोकांनी ती काठावर ओढली, पण ती बापाबरोबर बांधली होती सावत्र मुलाने; तिची फळी न फळी त्यालाच ठाऊक. मावशीने त्याला प्लास्टरसह दवाखान्यातून आणून घाटावर बसवलं. तो सांगे, मी मोडक्या बरगडीने फळ्या ठोके आणि फटी बुजवे.

"कापूस डांबरात बुडव ना बे पहिले. काहून कोरडा कोंबून राहिला?"

चौथ्या दिवशी नाव पाण्यात सोडली. त्याने वाकून तळ पाहिला.

"गळून राहिली."

"तू फोडली म्हणून गळून राहिली," मावशी म्हणाली.

त्याने पुन्हा वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आतून पाहा लागते. मले चढव."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"चढ," ती म्हणाली. "पण तिकडं बस. चुलीपासून दूर."