मी डोळ्यांनी पाहिलं

जिन्याखालच्या शिलाईवाल्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. नुसतं बोलली असती तरी चाललं असतं, पण साधं सांगणं तिला जमायचंच नाही. कोणाचा पाय मुरगळला की मावशीच्या मशीनपर्यंत पोचेतो तो मोडलेला असायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यात सळई बसलेली असायची. लोक म्हणायचे, मावशीकडे सुई ठेवायला द्या आणि तलवार परत घेऊन जा. तीही हसायची. तिने पराचा कावळा केला तरी तो कोणाला चोच मारत नव्हता, मग बिघडलं कुठे?

हाताला मात्र तिच्या खोट नव्हती. चेन बदलणं, पँट आखूड करणं, जुन्या कोटाला नवं अस्तर लावणं, सगळं चोख. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती जिना चढत नसे. गिऱ्हाईकच कपडे घेऊन खाली यायचं आणि खालूनच घेऊन जायचं.

दुसऱ्या मजल्यावर एक नर्स आणि तिची आठ वर्षांची मुलगी राहायची. मुलीला सगळे चिमी म्हणायचे. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत चिमी मावशीपाशी बसायची, डब्यातली बटणं रंगावार लावायची आणि मावशीच्या गोष्टी ऐकायची. ना नात्याची ना गोत्याची, पण मावशीचा तिच्यावर जीव होता.

शनिवारी-रविवारी चिमी चौथ्या मजल्यावर बुद्धिबळ शिकायला जायची. शिकवणारे काका निवृत्त, पांढऱ्या केसांचे, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्याकडे मूल पाठवलं की आईबापांना घोर नसे. मावशीशी मात्र त्यांचं वाकडं होतं. जिन्याखालचं दुकान वाटेत येतं म्हणून त्यांनी तक्रार केली होती आणि मावशीने चारचौघांत त्यांची बिनपाण्याने केली होती. त्यानंतर दोघं एकमेकांकडे बघतही नसत.

एका दुपारी चिमी बटणं लावता लावता म्हणाली की आता ती बुद्धिबळाला जाणार नाही. का गं, असं विचारलं तर म्हणाली, काका दाराला कडी लावतात. पुढे जे म्हणाली ते इथे सांगायची गरज नाही. मुलीने मान खाली घालून, आपल्या शब्दांत, नीट सांगितलं. मावशीचा पाय मशीनवर तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक शब्दही मध्ये घातला नाही.

संध्याकाळी आई आली, आणि तिघी तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवून विचारलं, कोणी पाहिलंय का? मावशीला वाटलं, झालं, आता हे लोक आपल्याला चहा पाजून घरी पाठवणार. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मावशीच्या तोंडून निघून गेलं, "मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

हवालदाराने पेन उचललं. मग काय विचारता! पँट द्यायला वर गेले होते, दार अर्धवट उघडं होतं, निळा पडदा होता, टेबलावर कप होता. सगळं टाक्यांत टाका घालून सांगितलं. काकांना त्याच रात्री नेलं, तेव्हा मावशीला वाटलं, जन्मभर केलेल्या बडबडीचं आज सोनं झालं.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तारखेच्या आधी सरकारी वकीलबाईंनी मावशीला बोलावून घेतलं. बाई हुशार, डोळ्यांत डोळे घालून बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, खरंच पाहिलंत का? नसेल तर आत्ता सांगा. मुलीने तुम्हाला काय सांगितलं तेवढंच तुमच्याकडून हवंय. साक्षीला दुसरं कोणी नसलं तरी मुलीच्या एकटीच्या बोलण्यावर शिक्षा होऊ शकते, ते टिकलं पाहिजे इतकंच.

मावशीने मान डोलावली आणि मनात म्हणाली, हिला जग ठाऊक नाही. पन्नाशी उलटली, नवऱ्याने टाकलं तेव्हा माझ्या शब्दाला सख्ख्या भावाने किंमत दिली नाही, आणि या शेंबड्या पोरीच्या शब्दावर कोर्ट माणसाला तुरुंगात घालणार? हट्! "पाहिलं," ती म्हणाली.

एकाची साक्ष दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून साक्षीदारांना बाहेर बसवतात. चिमी आत होती तेव्हा मावशी बाहेरच्या बाकावर गुडघे चोळत बसली होती. आत काय झालं ते तिला मागाहून कळलं.

चिमीला काका दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा होता. न्यायाधीशबाईंनी आधी तिला शाळेबद्दल विचारलं, मग खरं म्हणजे काय आणि खोटं म्हणजे काय ते विचारलं. ती म्हणाली, झालं ते खरं आणि नाही झालं ते खोटं. मग तिने सगळं सांगितलं. तारीख आठवली नाही, आधी काय नंतर काय यात गडबडली. समोरच्या वकिलाने त्यावरून तिला धारेवर धरलं, तेव्हा न्यायाधीशबाईच म्हणाल्या की मुलं कॅलेंडर घेऊन फिरत नाहीत. पोरगी डगमगली नाही. शेवटी त्या वकिलाने आवाज मऊ करून विचारलं, दार उघडं असायचं की बंद? चिमी म्हणाली, बंद, काका नेहमी कडी लावायचे. मग मावशी कधी वर यायची का? चिमी म्हणाली, छे, मावशीचे गुडघे दुखतात, ती जिना चढतच नाही.

खरं तेच बोलली.

त्यानंतर मावशीचा पुकारा झाला. ती उभी राहिली आणि निळ्या पडद्यासकट सगळं घडाघडा म्हणाली. वकिलाने तिला भरपूर बोलू दिलं. मग चिमीचं उत्तर वाचून दाखवलं, आणि हळूच विचारलं की जिन्याखालच्या जागेवरून भांडण झालं होतं ते कोणाशी? न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहत सरळ विचारलं, "बाई, तुम्ही खरंच पाहिलंत?"

इथे तिला वाट होती. नाही पाहिलं, पोरीने सांगितलं ते ऐकलं, एवढं म्हणाली असती तर नामुष्की झाली असती, पण कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. पण लोकांसमोर खोटी पडायची तिला लाज वाटली. घ्या! लाज! "पाहिलं म्हणजे पाहिलं," ती म्हणाली.

निकालाच्या दिवशी तीही गेली. न्यायाधीशबाईंनी वाचलं, की अशा गुन्ह्याला साक्षीदार नसतो हे कायद्याला माहीत आहे. मुलाचं एकट्याचं बोलणं विश्वास बसण्याजोगं असेल तर ते पुरतं, आणि तारखा चुकल्याने ते खोटं ठरत नाही. वकीलबाईंनी सांगितलं होतं ते शब्दन् शब्द खरं होतं. पुढे वाचलं, की मुलीने ही गोष्ट सर्वांत आधी जिला सांगितली आणि जिच्याजवळ ती रोज बसायची, ती बाई शपथेवर खोटं बोलली आहे, आणि आरोपीशी तिचं वैर होतं. तेव्हा हे शब्द मुलीचे की त्या बाईने तिच्या तोंडी घातलेले, याची खात्री देता येत नाही. संशयाचा फायदा आरोपीला.

वकीलबाई वरच्या कोर्टात जाऊ म्हणाल्या. चिमीची आई म्हणाली, पोरीला पुन्हा हे सगळं नको. मावशीवर ती ओरडली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही ऐकलेलं तेवढं सांगितलं असतंत, तर पुरलं असतं." त्यानंतर ती मावशीशी बोलली नाही.

काका घरी आले. इमारतीतली माणसं त्यांना भेटायला गेली, म्हाताऱ्या माणसावर बालंट आलं म्हणून हळहळली. बालंट! आता जिना उतरताना काका मावशीकडे बघून हसू लागले.

महिना संपायच्या आत नर्सने घर सोडलं. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा चिमी जिन्याखाली आली. उंची वाढली होती पोरीची. मावशीने तिला जवळ ओढलं नाही, धीरच झाला नाही.

"मावशी, दार बंद असायचं ते मी सांगायला नको होतं का?"

मावशीला भडभडून आलं. "नाही गं बाई. तू अगदी बरोबर सांगितलंस. खोटं मी बोलले."

"का बोललीस?"

"मला वाटलं, तुझ्या एकटीच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"म्हणजे तुझाही नव्हता?"

होता गं, होता, देवाशपथ होता, मावशी म्हणाली. टेम्पोपाशी आई हाक मारत होती. चिमीने ते ऐकून घेतलं आणि ती निघून गेली.