इस्त्री केलेला कुडता

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळे डागवाली म्हणत. नाव कौतुकाचंच होतं. शाई असो, आयोडीन असो, रक्त असो, मशीनने हात टेकले की चादर तिच्याकडे यायची. नव्या पोरींना ती दटावायची, "रक्ताला गरम पाणी दाखवलंस तर जन्माचं बसेल ते!"

घरी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नवरा गल्लीत देवमाणूस. कुणाची बंद पडलेली गाडी ढकल, कुणाचं सिलिंडर वर नेऊन दे. असल्या देवमाणसांचं खरं रूप फक्त बायकोला दिसतं. एकदा तिने आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." मूठ कुणाची आणि कुणाच्या पाठीत, हे काही म्हातारीने विचारलं नाही.

सोमवारी त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मंगळवारी सकाळी तो कामाला गेला, आणि ती पिशवी उचलून निघाली ती थेट पोलीस ठाण्यात. टेबलामागच्या बाईंनी मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा अंगावर काय होतं? आणलेत कपडे?"

तिने पिशवीतून कुडता काढून ठेवला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा.

"हा धुतलात तुम्ही?"

"गळ्यापाशी रक्त होतं ना. लगेच गार पाण्यात टाकला, म्हणून निघालं." आवाजात थोडा अभिमानही होता.

बाईंनी कुडत्याचा गळा उजेडात धरून पाहिला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपला एकुलता एक साक्षीदार तिने स्वतःच्या हाताने खळखळून धुतला होता, वर इस्त्रीही मारली होती. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं.

"असू द्या हो," बाई म्हणाल्या. "अंगावरचं तर नाही ना धुता आलं? चला डॉक्टरांकडे."

"आमच्या इस्पितळात नको," ती घाईने म्हणाली.

दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एकेक खूण नोंदवली. डोक्याची खोक, दंडावर उमटलेली बोटं, कधीतरी मोडून वाकडीच जुळलेली करंगळी. "सोबत कोण आहे?" त्यांनी विचारलं. आई, भाऊ, वहिनी, धुलाईखान्यातल्या बायका, एकेकाला तिने मनात उभं करून पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

दुपारी तिला बायकांच्या आधारगृहात पलंग मिळाला. तिथला एक नियम फार कडक होता: पत्ता कुणालाही सांगायचा नाही, सख्ख्या माणसालाही नाही. खोलीतले बाकीचे दोन पलंग रिकामे होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हाकही मारत नव्हतं. तिला एवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

फोन वाजला. आई होती. "अगं, कुठे आहेस तू? जेवलीस का?"

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आईने इतक्या मायेने कधी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, सांगून टाकावं; आईने यावं, डोक्यावरून हात फिरवावा.

"आई, मी इथे..."

"पत्ता विचारा," पलीकडे कुणीतरी हळूच म्हणालं. तो आवाज तिने हजारांत ओळखला असता.

"नीट सांग ना, कुठे आहेस?" आई म्हणाली.

"सुखरूप आहे," तिने सांगितलं आणि फोन बंद केला.

जेवलीस का, याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.