कोल्ह्याच्या वाटेनं बेटावर

नोव्हेंबर लागला, की हिल्काचा पाय घरात ठरायचा नाही. तीस वर्षं तिनं या तळ्याकाठच्या वाड्यांवर टपाल वाटलं होतं, उन्हाळ्यात नावेनं, हिवाळ्यात बर्फावरून. मधले दोन-तीन आठवडे मात्र कुणाचेच नसत. नाव चालेना आणि बर्फ पेलेना. नोकरी सुटली तरी त्या दिवसांतली तगमग सुटली नाही. उजाडलं की ती लोखंडी पहार घेऊन काठाकाठानं हिंडायची. बर्फ किती बोटं जाड झाला, रात्री कोण येऊन गेलं, सगळं वहीत उतरवायची. ससा, खार, पाणमांजर. पाणमांजर पोटावर घसरत गेल्याची खूण दिसली, की पुढं कुठंतरी उघडं पाणी असणारच.

त्या वर्षी तगमगीला कारणही होतं. तिची थोरली बहीण सिल्वी समोरच्या बेटावर पाच मेंढ्या घेऊन एकटीच राहायची. ऑक्टोबरात दोघींचं चांगलंच वाजलं होतं.

"बर्फ धरेपर्यंत माझ्याकडे ये, सत्तरी गाठलीस आता," हिल्का म्हणाली होती.

"तुझ्या घरात मला बाई श्वास घेता येत नाही. सारखी येरझाऱ्या घालतेस," असं म्हणून सिल्वी नावेत बसली होती.

पहिल्या ओल्या बर्फानं बेटाकडची टेलिफोनची तार तुटली. आता बेटावरची खुशाली कळायची ती धुराड्यातून. रोज सकाळी सातला धूर दिसला, की हिल्का कॉफी प्यायची.

मंगळवारी धूर दिसला नाही. बुधवारीही नाही.

शेजारचा ताइस्तो काठावर येऊन उभा राहिला. "तालुक्याला फोन केलाय. उद्या दुपारपर्यंत होडी पाठवतो म्हणाले, बर्फ फोडणारी."

"उद्या दुपारी?"

"मग काय उडून जाणार आहेस?"

हिल्कानं खाली बोट दाखवलं. ताज्या हिमाच्या भुरभुरीवर पावलांची एकच ओळ होती. दोरीनं आखावी तशी सरळ. "कोल्हा. बेटावरून आलाय, आत्ता पहाटे."

"अगं, कोल्हा सहा किलोचा, तू सत्तर किलोची!"

"अडुसष्ट," हिल्का म्हणाली, आणि ढकलायची घसरगाडी आणायला गेली.

बर्फ फुटला तर कडेला रोवायचे दोन टोचे तिनं गळ्यात अडकवले. गाडीवर दोरी आणि घोंगडी टाकली, राय धान्याच्या पावाचा तुकडा खिशात घातला. ताइस्तो शिव्या देत राहिला, पण दोरीचं दुसरं टोक हातात धरून, ती संपेपर्यंत काठावर उभा राहिला. मग तिनं आपलं टोक सोडून दिलं.

दर चार पावलांना पहारेचा एक घाव. घाव टणक वाजला, की पुढं. खालून तळं मोठ्यानं घुमायचं आणि आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत धावत जायचा. या आवाजाला ती कधी भ्यायली नव्हती. आज मात्र दर घुमण्याला ती थबकत होती.

अर्ध्या वाटेवर कोल्ह्याची ओळ एकदम डावीकडे वळली होती. सरळ समोर, वीसेक हातांवर, मूस या थोराड हरणाच्या खुरांचे मोठाले ठसे होते आणि त्यांच्यापुढं फुटलेल्या बर्फाचा काळा खळगा. तो धिप्पाड प्राणी धडपडत, कडा मोडत आल्या वाटेनं मागं गेला होता. हिल्कानं जागेवरूनच पुढं पहार टेकवली. ती लोण्यात शिरावी तशी आरपार गेली.

ती कोल्ह्यामागं डावीकडे वळली. पण शेवटच्या शंभर हातांत कोल्ह्यानंही दगा दिला. तो हलका म्हणून निभावला होता. तिच्या पायाखाली तडा गेला, एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. ती गाडीवर पालथी पडली. टोचे रोवत, पोटावर सरपटत, गाडी पुढं रेटत ती लव्हाळ्यापर्यंत पोचली.

अंगणात पोचताच तिची नजर आधी जमिनीवर गेली. दारातून गोठ्याकडे सिल्वीच्या बुटांचे ठसे गेले होते, भुरभुरीनं अर्धे बुजलेले. परतीचे ठसेच नव्हते.

गोठ्याचं दार तिनं खांद्यानं ढकललं. पाचही मेंढ्या एका कोपऱ्यात दाटून बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध लोकरीची टोपी दिसत होती.

"दार लाव आधी," सिल्वीचा घोगरा आवाज आला. "ऊब जाते."

"सिल्वी! काय झालं गं?"

"घोटा मोडला. माळ्यावरून गवत काढताना शिडी सरकली. दोन दिवस मेंढ्यांचे सलगम खातेय." मग तिनं हिल्काच्या ओल्या, कडक झालेल्या विजारीकडे पाहिलं. "बर्फावरून आलीस?"

"मग काय उडून?"

"मूर्ख," सिल्वी म्हणाली, आणि हिल्काच्या बाहीला घट्ट धरून रडू लागली. आयुष्यात तिला असं रडताना हिल्कानं पाहिलं नव्हतं. तिनं खिशातला पाव मोडून तिच्या हातात दिला.

घसरगाडीवर घालून तिनं बहिणीला घरात नेलं, दोन फळ्यांमध्ये पाय बांधला, चूल पेटवली. पलीकडच्या काठावर ताइस्तोनं टोपी हलवलेली दिसली. पण त्याच रात्री वारा फिरला, पाऊस लागला. बर्फाचा चिखल झाला. वादळात तालुक्याची होडीही दोनदा परत फिरली. दोघी बहिणी दोन आठवडे त्या एका खोलीत अडकल्या.

हिल्का खिडकीशी जायची, दाराशी जायची, पुन्हा खिडकीशी.

"अगं बस एका जागी!" सिल्वी ओरडायची. "मला उठता येत नाही आणि तुला बसता येत नाही. देवानं काय जोडी जमवलीय!"

दहाव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. आणखी चार दिवसांनी ताइस्तो घोड्याची गाडी घेऊन बर्फावरून आला. इस्पितळात कळलं, हाड वाकडं जुळलंय, आता ते तसंच राहायचं. सिल्वी उरलेलं आयुष्य लंगडत चालली.

वसंतात तिनं स्वतःहून विचारलं, "तुझ्या घरामागच्या शेडमध्ये पाच मेंढ्या मावतील का?"

मावल्या. पुढची अकरा वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या आणि कॉफी पातळ झाली की घट्ट, यावरून एक दिवस भांडायच्या चुकल्या नाहीत.