आई गेममध्ये जिने चढली

मंडळी, बंदुकीच्या गेम्सना आता काही अर्थ उरलाय का, हा आपला नेहमीचा वाद. आज दुपारचं ऐका.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई जयपूरला माझ्याकडे आहे. अजून घराबाहेर पडलेली नाही. मी असाच एक गेम खेळत होते, तर शेजारी येऊन बसली. पडद्यावर नुसते बंदूक धरलेले दोन हात.

"या माणसाचं तोंड का दिसत नाही?"

"कारण तो म्हणजे तूच, आई."

"मी? मग माझ्या हातात बंदूक कशाला?"

शत्रू संपले होते. मी तिची बोटं बाणांच्या बटणांवर ठेवली. एकही गोळी न झाडता ती जिने चढत गच्चीवर पोचली आणि समुद्र बघत राहिली.

"किती दिवसांनी अशी भरभर चढले गं!"



नुसतं हिंडायचा असा एखादा गेम आहे का हो? आईसाठी हवाय.